अनंताच्या पाकळीवरचा अंगठा

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. पण त्या नावाने कुणी हाक मारली असती, तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. सगळे तिला कापूस म्हणत. वयाने लहान असलेले कापूसबाई म्हणत आणि घरात भाची मावशी म्हणायची. कापूस हे नाव रोपवाटिकेच्या थोरल्या मालकांनी ठेवलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. रंगावरून नाही, केसांवरूनही नाही. ते नाव हातावरून पडलं.

ज्याने अनंताचं फूल नुसतं दुरून पाहिलंय त्याला यातलं काही कळायचं नाही. पांढरं शुभ्र, जाडसर पाकळीचं, खोलीत एक ठेवलं तर शेजारच्या खोलीला कळावं असा वास. लोकांना वाटतं, काय सुंदर फूल! सुंदर आहेच, पण आतून महाखवचट. पाकळीला बोट लागलं तर त्या क्षणी काही दिसत नाही. फूल तसंच पांढरं, साळसूद. दोन-अडीच तास गेले की जिथे बोट लागलं तिथे तपकिरी डाग उठतो, बोटाच्याच आकाराचा. म्हणजे ज्याने डाग पाडला तो घरी जाऊन जेवलेला असतो, तेव्हा कुठे चोरी उघडकीला येते.

गावाबाहेरच्या त्या रोपवाटिकेत तीन लांबच लांब काचघरं होती आणि तिन्हींमध्ये अनंताशिवाय दुसरं काही नव्हतं. या झाडाचे लाड म्हणजे एकुलत्या एका पोराचे लाड. पाण्यात चुना असला की पानं पिवळी, म्हणून पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं. कुंडीची जागा बदलली की ते रुसणार आणि फुगलेल्या कळ्या टपाटपा गाळून टाकणार. पिठ्या ढेकूण पडला की बायका स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक पान पुसत बसायच्या. एवढं करून फूल यायचं आणि ते जायचं कुठे, तर नवरीच्या केसांत, नवरदेवाच्या कोटावर, नाहीतर शवपेटीच्या झाकणावर. पांढरं म्हणजे निष्कलंक, असं कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलंय. बोट ठेवायला जागा नाही असं आपण म्हणतो, ते खरं तर या फुलाबद्दल म्हणायला हवं.

थोरल्या मालकांची एक पद्धत होती. खुडणीच्या आणि भरणीच्या कामाला बाई घ्यायची तर तिची चौकशी नाही, ओळख नाही, काही नाही. सकाळी तिला एक फूल तोडायला लावायचे आणि पांढऱ्या बशीत ठेवायला सांगायचे. बशीखाली नावाची चिठ्ठी. मग ती बाई दुपारपर्यंत बाहेर तण उपटायला. दुपारी बशी बघायची. फूल कोरं असेल तर बाई आत, डाग असेल तर तणातच. दहांतली एखादी आत जायची. कापूसचं फूल दुपारी कोरं होतं. संध्याकाळीही कोरंच. मालकांचा विश्वास बसेना. त्यांनी तीन दिवस तिला रोज नवं फूल दिलं आणि तिसऱ्या दिवशी बशी हातात घेऊन म्हणाले, "हिला हात आहेत की कापूस?" झालं, नाव पडलं.

त्यानंतर चौतीस वर्षं ती भरणीच्या खोलीत उभी होती. खोलीत पत्रा ठोकलेलं लांब टेबल. प्रत्येकीपुढे गार पाण्याचं भांडं, कारण अनंताला कोरडं बोट खपत नाही आणि ऊबही खपत नाही. बोटं बुडवायची, फूल पाकळ्यांखालच्या हिरव्या भागाला धरायचं, पुठ्ठ्याच्या कॉलरमध्ये अलगद बसवायचं, पुन्हा बोटं बुडवायची. एका खोक्यात आठ फुलं, वर ओला कागद आणि कागदावर भरणारीच्या नंबराची चिठ्ठी. कापूसचा नंबर चार. चौतीस वर्षांत चार नंबरचं एकही खोकं परत आलं नव्हतं. बाकीच्या बायका तिला चिडवायच्या, "तुझ्या खोक्यावर माशीसुद्धा पाय पुसून बसते." ती हसायची नाही. पण तिला ते आवडायचं. फार आवडायचं.

नवरा होता. काचघराच्या बॉयलरवर कामाला होता, लग्नानंतर चौथ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. भरणीच्या खोलीमागे एक खोली होती, एक खिडकी, एक ओटा, एक पलंग. ती खोली टेबलावरच्या सर्वांत जुन्या बाईला मिळायची. टेबल सुटलं की खोली सुटली, हा नियम. त्या खोलीत एके दिवशी बहिणीची नऊ वर्षांची मुलगी हातात कपड्यांची पिशवी घेऊन आली. बहीण गेली होती आणि बहिणीच्या नवऱ्याने दुसरं लग्न ठरवलं होतं. पोरगी दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, मी कमी जेवते." कापूसने तिला आत ओढलं आणि पिशवी पलंगाखाली सरकवली. मग पाठ फिरवून ओट्यावरची भांडी पुन्हा एकदा घासत बसली.

पोरीला तिने हात दिला. शाळेतून आली की दुधावरची साय न फाटता उचलायला लावायची. ओला टिश्यूचा कागद भिंतीवरून सोलून काढायला लावायची. फाटला की डोक्यात टपली. अठराव्या वर्षी पोरीने बशीत फूल ठेवलं आणि ते संध्याकाळपर्यंत कोरं राहिलं. त्या दिवशी कापूस एक शब्दही कौतुकाचा बोलली नाही. मात्र पोरीचा कामाचा एप्रन तिने स्वतः इस्त्री केला, नाड्यांनासुद्धा इस्त्री केली. पोरीला नंबर मिळाला अकरा. टेबलावर सगळ्या तिला धाकटी म्हणायला लागल्या.

आता वाईटाकडे यायला हवं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी कापूसला ब्लाउजचं हूक लावता येईना. बोटं हलत होती, पण हूक बोटात आहे की नाही हे कळतच नव्हतं. तिला वाटलं, गारठा असेल. मग एकदा तव्याचा दांडा धरला आणि आधी जळल्याचा वास आला, नंतर तिने खाली पाहिलं. तो वास तिच्याच अंगठ्याचा होता. एका सुट्टीच्या दिवशी, बाजारात जाते असं भाचीला सांगून, ती दवाखान्यात गेली. डॉक्टरने बोटांना सुई टोचून पाहिली. "नसा गेल्यात. गार पाण्यातलं काम बंद करा. आणि आधी का नाही आलात?" तिने औषधाची चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाशी उभी राहिली. फूल धरलंय की नाही, किती दाबलंय, हे ती आता डोळ्यांनी बघून ठरवायची. बोटं तिची होती, पण त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता.

रोज तिचा जीव टांगणीला. आज येईल, उद्या येईल, चार नंबरचं खोकं परत येईल. आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. परत यायला लागली ती अकरा नंबरची खोकी.

आधी एक, मग आठवड्याला दोन-तीन. एका नवरीच्या केसांतल्या फुलावर, गारवा उतरल्यावर, भर लग्नात अंगठा उठला. फोटो काढणाऱ्याने तिला मान वळवून बसायला सांगितलं म्हणे. एका हॉटेलने पूर्ण खोकं परत पाठवलं. कापूसला आश्चर्य वाटलं. आणि हे सांगायला बरं वाटत नाही, पण तिला हायसंही वाटलं. माझं नाही ना, मग झालं. हळूहळू तिने स्वतःची समजूत घातली की बोटांना कळत नसलं तरी हाताला सवयीने कळतं. चौतीस वर्षांची सवय कुठे जाते? आणि धाकटीचं लक्ष उडालंय. या वयात उडतंच.

ती भाचीला टोचून बोलायला लागली. "एवढी साय उचलायला शिकवली ती कुठे गेली? माझं नाव घालवणार तू." भाची खाली मान घालून फुलं भरायची. फार तर म्हणायची, "बघते मावशी." भरणी संपली की सगळ्यांची खोकी गाडी येईपर्यंत थंडगार कोठीत ठेवायची असत. ते काम धाकटीच करायची, मावशीला थंडी बाधते म्हणून. आत तिला बराच वेळ लागायचा. कापूस त्यावरही चिडायची. खोकी ठेवायला एवढा वेळ?

मग ते छोट्या शवपेटीचं प्रकरण झालं. सहा वर्षांचं पोर होतं. अंत्यविधीचं काम करणारा माणूस स्वतः फुलं परत घेऊन आला. तो आरडाओरडा करणारा नव्हता. त्याने खोकं मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आई झाकणावर हात फिरवत होती. तिला वाटलं, तिच्याच हाताने डाग पडले. मी किती सांगितलं, ऐकेना." चिठ्ठीवर नंबर होता अकरा.

थोरले मालक केव्हाच गेले होते. आता त्यांचा मुलगा मालक होता, कापूससमोरच लहानाचा मोठा झालेला. त्याने तिला आत बोलावलं. दार लोटलं.

"कापूसबाई, मला हे बोलताना जड जातंय. तुमची भाची आहे."

"बोला ना, मालक."

"तिला टेबलावर ठेवू की नको, ते तुम्ही सांगा. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. की असं करू या? आबांसारखं बशीत फूल ठेवून बघू. तिचं एकटीचं नको, तिला वाईट वाटेल. सगळ्यांचंच ठेवू. म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही."

सगळ्यांचंच. कापूसने हात पदराखाली घेतले. तिच्या डोळ्यांपुढे अकरा बशा आल्या आणि त्यातली चौथी. त्यामागून खोली, पलंग, ओटा, खिडकी. आणि बायकांची तोंडं. खोलीपेक्षा त्या तोंडांचीच तिला जास्त भीती वाटली, हे खरं.

"कशाला बशा, मालक?" ती म्हणाली. "मी रोज शेजारी उभी असते. मला दिसतं ना. तिचा हात आता राहिला नाही."

"नक्की?"

"माझी भाची आहे. मी उगाच म्हणेन का?"

एवढं बोलून ती बाहेर आली. एका मिनिटाचंही काम नव्हतं ते.

मालकांनी धाकटीला बाहेरचं काम देऊ केलं, कुंड्या भरायचं. ती नको म्हणाली. रागाने नव्हे. रोज काचेतून टेबल दिसणार, ते नको, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पलंगाखालून पिशवी काढली. कापूस ओट्याशी उभी राहून डबा भरत होती आणि डब्याचं झाकण तिला लागत नव्हतं. भाचीने ते हातातून घेतलं आणि लावून दिलं.

"मावशी, आजपासून खोकी बंद करायच्या आधी जरा थांबत जा. दोन-तीन तास. मग बघून बंद कर."

"आता तू मला शिकवणार?"

भाचीने वाकून मावशीच्या ब्लाउजचं वरचं हूक लावलं, जे तसंच उघडं राहिलं होतं, आणि निघाली. बसथांबा फाटकासमोरच होता. कापूसने खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही. ती रागावलेली होती. माणूस चुकला की आधी राग येतो, आणि तो नेमका चुकीच्या माणसावर येतो.

तिसऱ्या दिवशी चार नंबरची तीन खोकी परत आली. चौथ्या दिवशी पाच.

मालकांनी ती टेबलावर मांडली आणि सगळ्यांसमोर बोलले, "कापूसबाईंच्या चिठ्ठ्या दुसरं कुणीतरी वापरतंय. अकराच्या जागी ती नवी बाई आलीय ना, तिला अजून काही समजत नाही. उद्यापासून तिला तणावर पाठवा." नवी बाई बावरून उभी राहिली. तिला तीन लहान पोरं होती आणि बशीची परीक्षा पास होऊन तिला चारच दिवस झाले होते.

कापूस खोक्यात बघत होती. एकेका फुलावर तपकिरी अंगठा, रुंद, जोरात दाबलेला. दार लोटताना लावावा तसा. आठातल्या सहा फुलांवर. मग तिला कोठी आठवली. कोठीत लागणारा तो वेळ आठवला. शेवटच्या खोक्यांवरचे डागही गाडी यायच्या आत, गारठ्यात पुसट का होईना, सरावलेल्या नजरेला दिसायला लागत असणार. फुलं मोजून टेबलावर यायची, शिल्लक फूल नसायचंच. म्हणजे पोरगी त्या गारठ्यात बसून चार नंबरच्या खोक्यातली डागाळलेली फुलं काढून स्वतःच्या खोक्यात घालत होती आणि स्वतःची कोरी फुलं मावशीच्या खोक्यात. रोज. दीड वर्ष. आणि टोमणे खात होती ते वेगळं. कापूसला तिथेच खाली बसावंसं वाटलं. पण ती बसली नाही, कारण बसली असती तर नव्या बाईचं काम गेलं असतं.

"मालक, ही माझीच खोकी आहेत," ती म्हणाली. "आधीची अकरा नंबरची होती, तीही माझीच."

मालक हसले. "भाचीसाठी किती अंगावर घ्याल, कापूसबाई? पाणी प्या. दोन दिवस सुट्टी घ्या."

"मला बोटांत कळत नाही."

"थंडी आहे, सगळ्यांचीच बोटं—"

कोटावर फूल लावायच्या टाचण्या टेबलावर डबीत होत्या. तिने एक उचलली. उचलताना दोनदा निसटली. मग तिने ती डाव्या अंगठ्याच्या पेरात घातली, हळू नाही, घाईतही नाही, शिवणकाम करावं तशी. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. दुसरी टाचणी तिने तर्जनीत घातली. टेबलाशी कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं आणि तोंडावर हात दाबला. रक्ताचा एक थेंब अनंताच्या फुलावर पडला आणि पहिल्यांदाच त्या टेबलावरचा डाग लगेच दिसला.

"कधीपासून?" मालकांनी विचारलं.

"दीड वर्ष."

"म्हणजे मी तुम्हाला विचारलं तेव्हा..."

"हो. तेव्हाही मला ठाऊक होतं."

मालक वाईट माणूस नव्हता. खोलीचं नंतर बघू, म्हणाला. धाकटीला आधी परत आणा, तिचा नंबर तिचाच आहे, म्हणाला. पण धाकटीचा फोन लागत नव्हता. शाळेतल्या मैत्रिणीला ठाऊक नव्हतं. बापाकडे ती गेलीच नव्हती. कापूस आता रोज फाटकाशी खुर्ची टाकून बसायची. डागाळलेली फुलं चरबीच्या ताटांत दाबून त्यांचा वास काढून घेतात, ते काम तिला दिलं होतं. वासाला डाग लागत नाही, म्हणून. ताटं भरता भरता ती प्रत्येक बसकडे बघायची. चार महिने असे गेले. मग फुलांच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं की बंदरावर कोळंबी सोलायच्या कारखान्यात धाकटीसारखी एक दिसली.

कापूस दुसऱ्याच दिवशी गेली. दोन बस बदलून. कारखान्याचं फाटक, बाहेर चहाची टपरी, एक बाक. पाळी सुटल्याची घंटा झाली आणि रबरी बूट घातलेल्या बायका बाहेर यायला लागल्या. भाची आली ती डोक्याला फडकं बांधून. मावशीला पाहून ती थांबली, आणि मग नेहमीसारखी चालत आली, जणू बाजारातून परत येतेय.

"दोन बस बदलल्यास? जेवलीस का?"

कापूस ठरवून आणलेलं सगळं तिथेच विसरली. ती एकदमच म्हणाली, "मी खोटं बोलले. मला माहीत होतं आणि मी खोटं बोलले."

"मला माहीत आहे गं."

"मग तू का नाही बोललीस?"

भाचीने फडकं सोडलं. "काय बोलू? तू घरातून काढलं नव्हतंस ना कधी. म्हटलं, टेबलावरून काढलं तर काढलं."

"मी सगळ्यांसमोर सांगितलंय आता. मालक म्हणाले, अकरा नंबर तुझा आहे. चल. आत्ता पाचची बस आहे."

भाची मावशीशेजारी बाकावर बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. कोळंबीच्या काट्यांनी बोटांची पेरं चिरली होती, त्या चिरा बर्फाच्या पाण्यात भरून आल्या नव्हत्या. तळवे सालटं निघालेले, नखांच्या कडा सुजलेल्या. तिने मूठ मिटायचा प्रयत्न केला, ती अर्धीच मिटली.

"हे घेऊन कुठे येऊ, मावशी? हे बोट लागलं तर फूल फाटेल."

"होतील बरे. मी तेल लावीन. मी रोज—"

"सकाळी उठले की मलाही हूक लावता येत नाही आता."

ती हे सहज बोलली, तक्रार म्हणून नाही. कापूसने तिचे हात आपल्या हातांत घेतले, एक खाली आणि एक वर. तिने ते चोळले, पेरापेरावरून अंगठा फिरवला. चिरा डोळ्यांना दिसत होत्या, एकेक मोजता आली असती. बोटांना काहीही कळत नव्हतं. तिच्या हातात भाचीचे हात होते की रिकामी हवा, हेही तिला खाली बघूनच कळत होतं. म्हणून ती खालीच बघत राहिली. पाचची बस आली, थांबली आणि गेली.